आईंनी काढलेली दृष्ट आणि आमचं पुढचं दार

न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्याशा गावाने मला अग्निशमन दलात स्वयंसेवक म्हणून घेतलं, याबद्दल गावाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती माझ्या सासूबाईंची.

“श्रीधरराव, आगीत शिरायला तुम्हीच सापडलात? चहाचं आधण तरी धड ठेवता येतं का?”

(येत नाही. मी ग्रंथालयात काम करतो.)

माझी बायको सुलभा गेल्या वर्षी गेली. त्या दिवशी ॲम्ब्युलन्सच्या आधी दलातली हीच मंडळी धावत आली होती. निघताना त्यांच्यातल्या एकाने आमचा गॅस बंद आहे ना, ते पाहिलं. ते माझ्या मनातून जाईना, म्हणून मी नाव घातलं. आई, म्हणजे सासूबाई, नाशिकहून माझ्या सोबतीला आल्या होत्या. घरात आता आम्ही दोघंच.

त्या शनिवारी सकाळी मी स्टेशनवर बंब धूत होतो. भोंगा वाजला. एका घरातून धूर येतोय. पत्ता ऐकून वाटलं, किती ओळखीचा पत्ता! मग कळलं, माझाच!

बंबात बसल्या बसल्या आईंना फोन लावला. वाजतोय, पण उचलत नाहीत. पुन्हा लावला. नाहीच.

“घरात कोण आहे?” कॅप्टन टॉमने विचारलं.

“सासूबाई,” मी म्हटलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळपट धूर येत होता. आत अलार्म कोकलत होता. शेजारीण अंगणातून ओरडली, “शी इज इन देअर!”

मी बेल दाबली. दार बडवलं. “आई! आई, दार उघडा!”

उत्तर नाही. सुलभा गेली त्या दिवशीही माझ्या हाकेला अशीच ओ आली नव्हती.

“श्री, ब्रेक इट!” टॉम ओरडला.

मी कुऱ्हाड उचलली. (प्रशिक्षणात ती माझ्याच पायावर पडली होती.) काही घाव चौकटीला, काही भिंतीला बसले आणि अखेर दार आडवं झालं. मास्क लावून आम्ही चौघे आत घुसलो.

गॅससमोर आई उभ्या. धडधाकट! नाकाला पदर, मुठीत मीठ-मोहऱ्या, तव्यावर सुक्या मिरच्यांचा डोंगर, आणि ओट्यावर हेल्मेट घातलेला माझा फोटो! टॉमने झडप घालून गॅस बंद केला. आईंनी त्याला डोळ्यांनीच दटावलं, हाताने ‘थांब’ म्हणून खुणावलं, शेवटच्या मोहऱ्या तडतडू दिल्या आणि मग तोंड उघडलं.

“दृष्ट काढताना बोलायचं नसतं, एवढंही माहीत नाही? केव्हाचे हाका मारताय!”

“आई, अहो, केवढा हा धूर!”

“मग काय करू? ठसकाच लागेना! मूठभर टाकल्या, नाही. आणखी टाकल्या, तरी नाही.” (नाकाला पदर आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.) “आणि आता बघा, एवढे दांडगे आत आले, एकालाही ठसका नाही! केवढी दृष्ट लागली असेल तुम्हाला!”

“आई, आम्ही मास्क लावलेत.”

“व्हॉट्स शी सेइंग?” टॉमने विचारलं.

मी सांगितलं, आगीत मला काही होऊ नये म्हणून हे सगळं चाललंय. टॉम तव्याकडे बघत राहिला.

“एक गेली,” आई हळूच म्हणाल्या. “आता तुम्हीही आगीत शिरा.”

मी मास्क काढला. आणि लागला ठसका! नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, थांबता थांबेना. (मिरच्यांमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं.)

“उतरली!” आई खूश झाल्या.

डोळे पुसायला मी जाडजूड कोट उघडून शर्टाच्या खिशातला रुमाल ओढला. त्याच्याबरोबर खणकन जमिनीवर पडली घराची किल्ली.

टॉमने किल्लीकडे पाहिलं. मग जिथे दार असायचं तिकडे पाहिलं.

आईंनी मला नीट निरखलं आणि पुन्हा मिठाच्या बरणीत हात घातला.

“या इकडे. अजून उतरलेली नाही.”