रात्रभर पुरणारी बॅटरी

इन्व्हर्टरसाठी डिस्टिल्ड वॉटर घ्यायला गेलो, तेव्हा बॅटरीच्या दुकानात एक निवृत्त जोडपं उभं होतं. गाडीमागे ओढायचा, आत दोघांना झोपता येईल असा ट्रेलर त्यांनी घेतला होता. त्यासाठी गृहस्थांना गाडीला असते तसलीच बॅटरी हवी होती.

"ती नको, काका," दुकानदार म्हणाला. "ती इंजिन सुरू करायला. एकदम जोर लावते, पण रात्रभर थोडं थोडं द्यायला लावलं की बसते. रात्री काय काय चालणार?"

"दिवा, पंखा. आणि झोपेत श्वासासाठी लावतो ते माझं मशीन."

"मग ट्युब्युलर घ्या. जड आहे, पण सकाळपर्यंत दगा देणार नाही."

"दिलाच तर पहाऱ्याला ही आहेच की!" गृहस्थ हसले.

बाई हसल्या नाहीत. "घरी लाइट गेली की मशीन बंद पडतं," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "यांना पत्ताही नसतो. मी आपली बसून राहते, श्वास ऐकत."

घरात एकदम जोर लावायचे प्रसंग थोडेच येतात आणि ते सगळ्यांच्या लक्षात राहतात. रात्रीमागून रात्र थोडं थोडं देत राहणाऱ्या माणसाचं थकणं मात्र कुणाला दिसत नाही.

दुकानदाराने ट्युब्युलर बॅटरी पुढे ओढली. "मग काका, कुठे निघालात? कोकणात?"

"बघू. हिला समुद्र आवडतो."

"कुठेही न्या," बाई म्हणाल्या. "मला एकदा उजाडेपर्यंत झोपायचंय."