आईकडून इस्राएल

शहापुरात हसाजी तेल्याचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांच्या समाजाला शनवार तेली म्हणे. ते यहुदी, स्वतःला बेने इस्राएल म्हणवत. हसाजीची विधवा मुलगी रिबका ही महिपत नावाच्या कुणब्याबरोबर राहिली. भावकीनं त्याला वाळीत टाकलं, समाजानं हिला. महिपत तापानं गेला, तेव्हा रिबका पोराला घेऊन बापाकडे परतली. पोराचं नाव येलोजी.

तो घाण्यावरच वाढला. शुक्रवारी सांजेला पुढारी सामसनजींच्या घरी प्रार्थना व्हायची, मग मनुकांच्या रसाचा एकच पेला सगळ्यांत फिरायचा. येलोजीला रस ओटीवर, वेगळ्या वाटीत. "बाप कुणबी," एवढंच कारण.

सदतीस साली मुंबईहून एक धर्मपंडित आले. येलोजीनं धीर करून सगळ्यांसमोर विचारलं.

"आई इस्राएल, तर मूल इस्राएल," पंडित म्हणाले. "बाप कोण, हे शास्त्र विचारतच नाही."

माणसांनी माना डोलावल्या. पुढच्या शुक्रवारी वाटी ओटीवरच आली.

"शास्त्र शास्त्राच्या जागी, येलू," सामसनजी म्हणाले. "आमाला पोरी उजवायच्या हायेत."

त्याला समाजातली मुलगी कुणी दिली नाही. शेवटी मुरबाडकडच्या कमळनं त्याच्याशी लग्न केलं. ती कुणब्याची, पण घरात येलोजीचे नियम तिनंच जास्त पाळले. खवले नसलेला मासा तिच्या चुलीवर कधी चढला नाही. बेचाळीस साली मुलगी झाली. येलोजी आनंदानं सामसनजींकडे गेला, पोरीच्या नावानं आशीर्वाद म्हणा म्हणून.

"कसा म्हणू? पोर आईवर जातं. तुज्यादेखतच पंडित बोलले ना?"

पाच वर्षांत त्यांच्या तोंडी पंडितांचं नाव पहिल्यांदाच आलं होतं.

"मग दोघींना धर्मात घ्या. नदीत बुडी मारायची, तिघांनी साक्ष द्यायची. यवढंच लागतं ना?"

"तीन माणसं कुठून आणू?"

खोलीत सहा-सात जण बसले होते. कुणी वर पाहिलं नाही.

येलोजीनं घरी येऊन पोरीचं नाव स्वतःच ठेवलं, लहानी.

सेहेचाळीस साली रिबका वारली. कादिश, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, नऊच जमले. सामसनजींनी येलोजीला धरून दहा मोजले, आणि कमळला लेकीसकट कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर उभं केलं. येलोजीनं आईसाठी कादिश शेवटपर्यंत म्हटलं. त्यानंतर दहा भरेनासे झाले की निरोप यायचे. तो कुणाला नाही म्हणाला नाही आणि गेलाही नाही.

पुढच्या वर्षी कमळ लहानीला घेऊन माहेरी, मुरबाडला गेली. पोरीला कुठंतरी आपली माणसं असावीत, एवढंच तिच्या मनात होतं. भावकीतल्या म्हाताऱ्यानं पोरीला पाहिलं आणि विचारलं,

"बाप कोन हिचा?"

कमळनं सांगितलं. म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली, आणि कमळ आल्या वाटेनं परत निघाली.