सहावा प्लग

आमचा दादा चष्म्याच्या काचा घासतो. एकेक काच उजेडासमोर धरून इतक्या वेळा तपासतो, की गिऱ्हाईक खुर्चीतच पेंगायला लागतं. भाजीत मीठ घातलंस का, हेही तो मला दोनदा विचारतो. अशा या संशयी प्राण्याचा जगात एकाच माणसावर डोळे झाकून विश्वास होता, तो म्हणजे मिस्त्री. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. पुढे एकानं काचा धरल्या, दुसऱ्यानं गाड्या दुरुस्त करायचे पाने. दादानं लग्न केलं नाही. नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा त्या घरात मिस्त्रीचा शब्द शेवटचा होता. मला तो माणूस कधीच आवडला नाही. पण मला फारसं कुणीच आवडत नाही, म्हणून दादानं ते मनावर घेतलं नाही.

बाबांची गाडी दादाकडे आहे. लांब नाकाची, जुन्या घाटाची. इंजिनात ठिणगी पाडणारे सहा प्लग. पाच ओळीनं समोर दिसतात आणि सहावा पार मागे, हीटरच्या पेटीखाली दडलेला. तिथं हात सोडा, नजरही धड पोचत नाही. दरवर्षी मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालायचा, घामाघूम होऊन बाहेर यायचा आणि हात पुसत सांगायचा, सगळे नवे घातले. दादा त्याच्यासाठी चहा घेऊन उभा असायचा. चहा अर्थात मी केलेला.

काही वर्षांपूर्वी आमचा धाकटा भाऊ बायकोला माहेराहून आणायला ही गाडी घेऊन गेला. परत आली ती चढावर आचके देत. मिस्त्रीनं इंजिनाला कान लावला आणि निदान केलं, की कुणीतरी हिला बेदम पळवलीय, आता ही पूर्वीसारखी व्हायची नाही. धाकटा म्हणत होता, मी हळूच चालवली. दादा त्याला नको नको ते बोलला. बाबांच्या वस्तूची कदर नाही म्हणाला, खोटारडा म्हणाला. मिस्त्री तिथंच स्टुलावर मूग गिळून बसला होता. धाकट्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि जो गेला, तो पुन्हा आला नाही. त्याला मुलगी झाल्याचंसुद्धा आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. दादानं त्या पोरीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बोलून दाखवायचा नाही, पण रस्त्यात तेवढ्या वयाचं मूल दिसलं की त्याची पावलं रेंगाळायची.

यंदा मिस्त्रीचा खांदा दुखावला, हात गळ्यात आला. दादा म्हणाला, प्लगच तर आहेत, आपणच बदलू. पाच सहज निघाले. सहाव्यापाशी त्याचा पंजाच आत जाईना. मग मी घड्याळ काढून ठेवलं, पेटीखालून हात सरकवला आणि चाचपत चाचपत वायर उपसली. आखूड पाना बसवला, पण प्लग हलेल तर शपथ. तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा जोर लावला. माझ्या बोटांची सालटी निघाली तेव्हा कुठे तो करकरत सुटला.

बाकीचे पाच एकाच कंपनीचे होते, बऱ्यापैकी स्वच्छ. हा भलत्याच, कधीच बंद पडलेल्या कंपनीचा, गंजलेला, चिनीमाती तडकलेली, टोक झिजून गेलेलं. दादानं तो काचेसारखा उजेडासमोर धरला.

"हा बाबांनी बसवलेला आहे," तो म्हणाला.

नवा प्लग रबरी नळीच्या टोकात खोचून मी जागेवर नेला, बोटांनीच फिरवून आटे धरवले, मग पाना लावला. गाडी चढ चढली, एक आचका नाही. वर पोचल्यावर दादानं ती कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडला. माझा संताप संताप झाला. केसानं गळा कापला होता त्या माणसानं, आणि वर दरवर्षी माझा चहा प्यायला होता.

आम्ही तसेच मिस्त्रीकडे गेलो. त्यानं प्लग पाहिला आणि नाकारलं नाही. तिथं हात जात नव्हता म्हणाला, पहिल्या वर्षी सांगायची लाज वाटली, नंतर सांगायला तोंड उरलं नाही.

"मी धाकट्याला खोटारडा म्हणत होतो, तेव्हा?" दादानं विचारलं.

"तेव्हा बोललो असतो, तर तू मला म्हणाला असतास," मिस्त्री म्हणाला.

दादानं प्लग त्याच्या टेबलावर ठेवला आणि गाडी सरळ धाकट्याच्या घराकडे वळवली. दार धाकट्यानंच उघडलं. कडेवर मुलगी होती, दादासारख्याच जाड भुवयांची. दादा दारातच सगळं भडाभडा बोलला. प्लग, हीटरची पेटी, मिस्त्रीचं ते बोलणं. शेवटी म्हणाला, मिस्त्रीनं आपल्याला फसवलं रे.

धाकट्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यानं तुला फसवलं, दादा," तो म्हणाला. "माझा तो कोण लागतो? मी हळू चालवली, हे मी तुला सांगितलं होतं."

मुलगी आमच्याकडे टकामका बघत होती. हे कोण आहेत, असं तिनं बापाला विचारलं.

"ओळखीचे आहेत," धाकटा म्हणाला.