रांग टाळायचा पास

आमचे भाऊजी टपाल कचेरीत खिडकीवर बसतात. लोकांना ताटकळत ठेवण्यात या माणसाची हयात गेली, पण स्वतः रांगेत उभं राहायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. परवा ॲम्युझमेंट पार्कमध्ये यांनी रांग टाळायचा महागडा पास घेतला, तोही फक्त स्वतःपुरता! ताई, मुलं आणि मी उन्हात उभे, आणि हे ऐटीत पुढे. आम्ही पहिल्या पाळण्यातून उतरेपर्यंत यांचे सगळे पाळणे एकट्याने बसून झाले होते. चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

“पैसे वसूल झाले का?” मी विचारलं.

“झाले की. निघायचं आता?”

ताईने सगळ्या पिशव्या त्यांच्या गळ्यात अडकवल्या. “बसा ताटकळत. आम्हाला संध्याकाळ होईल.”