फोनवर सांगितलेली जन्मतारीख

"माझं नाव लिहून घ्या, पत्ता लिहून घ्या आणि पोस्टल व्होट पाठवून द्या. एवढंच काम आहे," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

"सॉरी, फोनवर अर्ज घेता येत नाही. मी तुम्हाला फॉर्म पाठवते."

"डॉक्टरची अपॉइंटमेंट फोनवर मिळते. गॅसचं रीडिंग मी फोनवर देते." आणि मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, चक्क मराठीत, "मग मतानंच काय घोडं मारलंय?"

मी मराठीत म्हटलं, "मतानं नाही हो, सहीनं मारलंय."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "अगं, तू कुठली?"

मी इंग्लंडमध्ये, थेम्स व्हॅलीतल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इलेक्टोरल सर्व्हिसेसमध्ये अठरा वर्षं काम केलं. मतदारयादी ठेवणं आणि निवडणुका पार पाडणं हे आमचं काम. जनरल इलेक्शन जाहीर झालं की आमचे फोन दिवसभर वाजतात, आणि अर्ध्या लोकांचा प्रश्न हाच असतो: पोस्टल व्होट फोनवर का मागता येत नाही? उत्तर सोपं आहे. अर्जावर तुमची सही आणि जन्मतारीख लागते. पुढे तुमचं मत पोस्टानं परत येतं तेव्हा सोबतच्या कागदावर पुन्हा सही आणि जन्मतारीख असते. आम्ही दोन्ही ताडून बघतो. जुळलं तर मत मोजणीला जातं, नाही तर बाद होतं. फोनवर आवाज येतो, सही येत नाही.

बाईंचं आडनाव दिघे. वय शहाऐंशी. मिस्टर इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, ते जाऊन चार वर्षं झाली. मुलगा मिल्टन कीन्सला. या देशात आल्यापासून दोघांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं, अगदी कौन्सिलच्या निवडणुकीतही शाळेच्या हॉलपर्यंत चालत जायचे. आता गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. मुलगा म्हणाला होता, "आई, लीव्ह इट, एका मतानं काय होतंय." त्याच्याशी त्या दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

"हे गेल्यापासून माझ्या हातात काही राहिलं नाही बघ," त्या म्हणाल्या. "डबे बाहेरून येतात, औषधं नर्स लावून देते. हे एक काम माझं आहे. ते मला करायचंय."

मी फॉर्म त्याच दुपारी पाठवला. खरं तर प्रकरण तिथं संपायला हवं होतं.

पण तिसऱ्या दिवशी फॉर्म मिळाल्याचा फोन आला. मग पेन काळं हवं की निळं, यासाठी आला. मग सरकारी ओळखीचा नॅशनल इन्शुरन्स नंबर कुठं सापडेल, यासाठी. "युअर फ्रेंड इज ऑन द लाइन," असं म्हणून सहकारी फोन माझ्याकडे वळवायला लागले. दिघेकाकूंना काळं-निळं चांगलं कळत होतं, ते मलाही कळत होतं. त्यांच्या घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. नातवंडं 'आजी' एवढाच शब्द मराठीत म्हणत, पुढचं सगळं इंग्रजी.

आणि माझं काय वेगळं होतं? त्याआधीच्या हिवाळ्यात माझी आई नाशिकला वारली. बावीस वर्षं मी तिला एक दिवसाआड फोन करत होते. काय जेवलीस, कोण आलं होतं, भाजी काय भाव, बस. ती गेल्यावर कळलं की आपलं मराठी म्हणजे ते फोनच होते. नवऱ्याशी मी मराठीत बोलते, पण त्यात कचऱ्याची बिनं बाहेर ठेवलीस का, याच्यापलीकडे फार काही नसतं. 'अगं' अशी हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं. काकूंनी मारली आणि मी विरघळले. कामाच्या जागी असं विरघळायचं नसतं, हे मला माहीत होतं.

जन्मतारखेच्या रकान्याशी काकू पुन्हा अडल्या.

"कुठली लिहू? शाळेतली का खरी?"

आपल्याकडच्या त्या पिढीला हा प्रश्न नवा नाही. मुलांना शाळेत घालताना तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो. काकूही त्यातल्याच.

"पासपोर्टवर आहे तीच लिहा," मी सांगितलं. बरोबर सांगितलं.

"तीच लिहिते. खरी मला तरी कुठे माहीत आहे? आई म्हणायची, तू कोजागिरीची. दूध आटवलं होतं आणि तू आलीस. पण इंग्रजी तारीख कुणी लिहून ठेवली नाही. हे दर एक जूनला केक आणायचे. मी म्हणायची, हा मास्तरांचा वाढदिवस."

अर्ज आला. एक जून, स्वच्छ सही. मी तो नोंदवला. पण ते कोजागिरीचं डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी लंचला सँडविच खाता खाता मी नेटवर जुनं पंचांग शोधलं. साल त्यांच्याकडून कळलेलं होतंच. त्या सालची कोजागिरी सापडली. ऑक्टोबर महिना, वार शनिवार. या वेळी फोन मी केला आणि तारीख सांगितली.

काकू म्हणाल्या, "परत सांग. सावकाश सांग. लिहून घेते."

मी परत सांगितली.

"शहाऐंशी वर्षांनी," त्या म्हणाल्या. "आणि शोधली कुणी, तर कौन्सिलनं."

मी हसले. माझ्या आईची तारीखही अशीच अंदाजपंचे होती. ती मी कधी शोधली नाही, कारण तेव्हा वाटायचं, काय घाई आहे. तो सगळा दिवस माझा छान गेला.

मतपत्रिका घरोघर गेल्या. भरलेली पाकिटं परत यायला लागली. ती आम्ही मतदानाच्या आधीपासूनच उघडतो, उमेदवारांच्या एजंटांसमोर. सही-तारखेचा कागद स्कॅन होतो आणि स्क्रीनवर दोन चौकटी दिसतात: डावीकडे अर्ज, उजवीकडे आलेला कागद. सगळं जुळलं तर पुढे, नाही तर आमची इलेक्शन्स मॅनेजर हेलन निर्णय देते. मी तिच्या शेजारी बसून चौकटी पुढे सरकवत होते.

दिघे. सही जुळली. डावीकडे एक जून. उजवीकडे ऑक्टोबर.

"डेट ऑफ बर्थ मिसमॅच," हेलन म्हणाली. "रिजेक्ट."

"हेलन, थांब. दोन्ही तारखा त्यांच्याच आहेत. दुसरी मीच शोधून दिली." मी तिला हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

"अर्ज दुरुस्त केला होता त्यांनी?"

"नाही. त्यांना वाटलं असेल की कौन्सिलनं सांगितली म्हणजे कौन्सिलनं बदललीही असेल."

"कागदावर काही आहे?"

"फोनवर बोललो होतो. मी आवाज ओळखते त्यांचा."

हेलन माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मी उद्या आवाजावर एक मत पास केलं, तर परवा कुणाचं नापास करू? आणि तू त्यांना ओळखतेस, तर या टेबलावर बसू नकोस."

समोर दोन एजंट वही घेऊन उभे होते. मी उठले आणि पाकिटं फोडायच्या टेबलावर जाऊन बसले. हेलनचं काही चुकलं नव्हतं. मला तर चिडायलाही जागा नव्हती.

मतदानाच्या दिवशी सकाळी फोन आला.

"अगं, माझं पाकीट पोचलं का गं?"

इथं एक नियम सांगते. पाकीट पोचलं की नाही, हे आम्ही मतदाराला सांगू शकतो. उघडताना काय दिसलं, ते मतदान संपेपर्यंत बाहेर काढायचं नाही.

"पोचलं, काकू."

"मग झालं तर. मुलाला सांगितलं, माझं काम मी केलं. आणि बघ, खऱ्या तारखेनं दिलेलं पहिलं मत. यांना फार आवडलं असतं."

"हो," मी म्हटलं.

निवडणुकीनंतर, मत बाद झालेल्या प्रत्येकाला पत्र जातं. छापील मजकूर, खाली कारण. काकूंचं पत्र मी स्वतः पाकिटात घातलं, सोबत नवा फॉर्म. हेलनला विचारून फोनही केला. सगळं सांगितलं, माफी मागितली.

"म्हणजे मोजलंच नाही?"

"नाही, काकू."

"बरं." त्या म्हणाल्या, "तू कामात असशील. ठेवते."

आठवड्याभरात फॉर्म भरून आला. एक जून. रकान्यात अक्षरं नीट बसवलेली. पेन कुठलं, हे विचारायला या वेळी फोन आला नाही. नंतर एकदा त्यांनी फोन केला होता, पण सहकाऱ्यानं घेतला. त्या इंग्रजीत बोलल्या, पुढच्या मतदानाचं विचारलं, थँक यू म्हणाल्या. माझी चौकशी केली नाही. पुढच्या कौन्सिलच्या निवडणुकीत त्यांचं पाकीट आलं, सगळं जुळलं, मत मोजलं गेलं. मी त्या टेबलावर नव्हते. हेलननं येऊन सांगितलं.

निवृत्त होताना नव्या स्टाफला मी एकच गोष्ट शिकवून आले. आपल्याला वाटतं, फोनवर आपण गप्पा मारतोय. पलीकडच्या माणसासाठी तो कौन्सिलचा शब्द असतो. म्हणून फोन ठेवण्याआधी, फॉर्मवर काय लिहायचं ते पुन्हा सांगा. त्या दुपारी मी एवढंच म्हणायला हवं होतं: "काकू, फॉर्मवर मात्र एक जूनच हं." पाच सेकंद लागले असते. पण त्या इतक्या आनंदात होत्या, आणि मला वाटत होतं, आणखी थोडा वेळ त्यांनी बोलत राहावं.