निंगाला आणि झाला

"निंगाला!"

फोटो काढला की ते कॅमेरा छातीपर्यंत खाली आणायचे, मान एकदा उजवीकडे झटकायचे आणि हा शब्द उच्चारायचे. निंगाला म्हणजे निघाला. त्यात आनंद वगैरे नसायचा. दात उपटल्यावर डॉक्टर सांगतो तसं सांगायचे. समोरचा माणूस मात्र तेवढ्यावर खूश होऊन उठायचा, कारण फोटो खरोखर निघाला की नाही हे गोंदियाहून रोल धुऊन आल्यावर, म्हणजे आठ दिवसांनी कळायचं. तोवर त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवण्यापलीकडे इलाज नव्हता.

सालेकशाला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. भिंतीला भिंत लागून त्यांचा स्टुडिओ. सगळे त्यांना फोटूवाले भाऊ म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांचं खरं नाव मला रेशनकार्डाची झेरॉक्स काढताना कळलं. ते त्यांना शोभत नव्हतं, म्हणून मी पुन्हा कधी काढलं नाही.

स्टुडिओतल्या पडद्यावर एक तळं होतं आणि तळ्यात दोन हंस. पेंटरने आयुष्यात हंस पाहिलेला नव्हता, बगळे मात्र धानाच्या, म्हणजे भाताच्या, बांधीत रोज पाहिले होते, त्यामुळे हंसांचे पाय पाण्याच्या वर हातभर दिसायचे. पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसाला भाऊ बजावायचे, "हसू नका जी, सरकारी फोटू आहे." माणूस घाबरून असा बसायचा की तो फोटो पोलीस ठाण्यातही चालला असता.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या काळच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोग्राफरला माहीत होती आणि कोणी बोलत नव्हतं. लग्नाचं काम दोन रोलांचं ठरायचं. एका रोलात छत्तीस फोटो, फार तर सदतीस. पाहुणे तीनशे. प्रत्येक मामाला नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो हवा, प्रत्येक काकूला नवरीशेजारी. नाही म्हटलं तर भांडण. म्हणून फ्लॅशच्या पाठीवर जे लाल बटण असतं ते अंगठ्याने हळूच दाबायचं. उजेड लख्ख पडतो, फोटो निघत नाही. याला खाली, म्हणजे रिकामा, फ्लॅश म्हणत. तुम्ही तेव्हा लग्नांत उभे राहिला असाल तर तुमच्यावरही एखादा पडलेला आहे. वाईट वाटून घेऊ नका, मामांवर जास्त पडले.

एकदा मी त्यांची बॅग सांभाळायला म्हणून एका लग्नात गेलो, आणि माझ्या लक्षात आलं की काही फोटोंनंतर ते "निंगाला" म्हणतात आणि काहींनंतर "झाला". झाला म्हणताना मान झटकत नाहीत. परत येताना मी विचारलं.

"खोटं बोलाचं नाई बाबू," ते म्हणाले. "निंगाला म्हटलं त निंगाला. झाला म्हटलं त झाला."

"पण झाला काय?"

"फ्लॅश झाला."

धर्मराजाला 'नरो वा कुंजरो वा' जन्मात एकदाच म्हणावं लागलं. आमच्या भाऊंना लग्नसराईत रोज.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग ती आत्या आली.

जंगलाच्या बाजूला, चार कोसांवर, एका पोवार शेतकऱ्याच्या घरी मुलाचं लग्न होतं. त्या घरात नवरदेवाची आत्या राहायची. लवकर विधवा झालेली, भावाच्या घरी परत आलेली, लग्नाच्या तीन दिवसांत चुलीपासून न हललेली. पाहुण्यांची पाठवणी बाकी होती आणि भाऊंच्या रोलात चार फोटो शिल्लक होते. तेवढ्यात ती मागच्या दाराने आली. लुगडं बदललेलं, केस ओले करून चापून बसवलेले. भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "माझा एकटीचा काढ गा."

भाऊंनी लाल बटण दाबलं. "झाला."

"निंगाला?" तिने विचारलं.

"झाला, झाला."

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, पण वर्षभरानंतर. आल्बम घरी गेल्यावर ती दोन-तीनदा पानं उलटून "मी कुठी?" म्हणून विचारत होती, आणि पुढच्या श्रावणात ती तापाने गेली. तिचा भाचा, म्हणजे तोच नवरदेव, भाऊंच्या स्टुडिओत आला. तेराव्याला लावायला फोटो हवा होता. घरात तिचा एकही नव्हता.

"तुमच्यापाशी निगेटिव्ह असंल ना जी. फ्लॅश त आम्ही पाहिला होता."

रोल खराब झाला, पाणी लागलं, गोंदियावाल्याने हरवला, असं काहीही सांगता आलं असतं. मी असतो तर तिन्ही सांगितलं असतं. भाऊ म्हणाले, "मी काढलाच नाई."

भाचा आल्या पावली निघून गेला. त्या घराने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. तेराव्याला भिंतीवर नुसता हार लावला होता, असं कोणीतरी सांगितलं. भाऊंनी त्यानंतर पंधरा दिवस स्टुडिओ उघडला, पण एकालाही "निंगाला" म्हटलं नाही. लोक विचारायचे, तेव्हा "आठ दिवसानं पाहा" म्हणायचे.

मग एक दिवस माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "बाबू, तो डिजिटल घेऊन टाकतो. त्याच्यात रोल संपत नाई म्हणतात."

गावात लोक म्हणाले, धंदा बसत चालला म्हणून म्हाताऱ्याने हात-पाय हलवले. लोकांना काय, बोलायला जीभ मोकळी असते.

आम्ही सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला गेलो. मी रात्रभर जागून नाही, पण दोन दिवस चौकशी करून एक यादी टाईप केली होती: मेगापिक्सेल किती, जुनी लेन्स बसेल का, बॅटरी किती चालेल. ती यादी माझ्या खिशातून बाहेर आलीच नाही. दुकानदाराने काचेवर चार कॅमेरे मांडले आणि तो आकडे सांगू लागला. भाऊंनी त्याला मध्येच थांबवलं.

"इसमें खाली फ्लॅश मार सकते क्या?"

दुकानदार हसला. "अरे अंकल, पुराने खिलाडी निकले आप! ये देखो. ऊपर अलग फ्लॅश लगाओ, पीछे बटन. दबाओ, चमकेगा."

भाऊंनी तो फ्लॅश दोन बोटांनी बाजूला सरकवला. "ये नको."

"तो क्या चाहिए?"

"जिसमें मारही नहीं सकते, वैसा दिखाओ."

कॅमेऱ्यात काय होतं हे विचारणारी गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ पाहिली असतील. काय होऊ नये, हे विचारणारं पहिलंच. त्याने आतून भावाला बोलावलं. दोघांनी मिळून एक मधला कॅमेरा शोधला. त्याचा फ्लॅश डोक्यातूनच टपकन वर यायचा, आणि फोटो काढल्याशिवाय चमकायचा नाही. भाऊंनी वीस वेळा करून पाहिलं. जुनी लेन्सही त्यावर बसली, हे मीच घाईघाईने बसवून पाहिलं.

"लेकिन अंकल, शादी में इतने छोटे फ्लॅश से पीछे की लाईन काली आएगी."

"पीछे की लाईन को सामने बुला लूंगा," भाऊ म्हणाले, आणि कॅमेरा घेतला.

नवा कॅमेरा आल्यावर त्यांचं काम बदललं, सवयी नाही. प्रत्येक फोटोनंतर त्यांचा अंगठा हवेत रोल पुढे ढकलायचा. कार्डात पाचशे फोटो मावतात असं मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "पाचशे लोक आहेत कुठी?" कार्डाला ते रोलच म्हणायचे. संध्याकाळी कॅमेऱ्यातून काढून माझ्याकडे द्यायचे आणि म्हणायचे, "धुऊन दे." मी ते कॉम्प्युटरला लावून फोटो उतरवून घ्यायचो आणि सकाळी परत द्यायचो. लग्नात आता ते कोणालाच नाही म्हणत नसत. चुलीपाशी जायचे, मांडवाच्या मागे भांडी घासणाऱ्या बायकांकडे जायचे, फोटो काढून पडद्यावर दाखवायचे. "झाला" हा शब्द त्यांनी टाकून दिला.

तशात बातमी आली की त्या पोवाराच्या घरचे बाबाजी, म्हणजे नवरदेवाचे वडील आणि आत्याचे थोरले भाऊ, अंगणात पडले आणि खाटेवर आहेत. ऐंशीच्या आतबाहेरचे. भाऊंना कोणी बोलावलं नव्हतं. एका सकाळी ते कॅमेरा गळ्यात अडकवून मोपेडवर एकटेच गेले. दुपारी आले ते इतके खुशीत की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. बाबाजींचे बारा फोटो काढले, घरच्या सगळ्यांना पडद्यावर दाखवले, भाच्याने चहा पाजला.

"फक्त एक सांग बाबू. हा डेमो काय आहे गा?"

"कुठला डेमो?"

"पडद्यावर कोपऱ्यात लिहून येऊन राहिलं होतं. मी म्हटलं, डेमो त आपली बालाघाटची गाडी आहे. तिचा इथं काय संबंध?"

मी मान वळवली. कार्ड माझ्या कॉम्प्युटरला लावलेलंच होतं, काल संध्याकाळपासून. सकाळी मी दुकान उशिरा उघडलं होतं आणि ते वाट न पाहता गेले होते. कार्ड नसलं तरी त्या कॅमेऱ्याचं बटण दबतं, फ्लॅश पडतो, कोपऱ्यात 'डेमो' लिहिलेला फोटो पडद्यावर दिसतोही, आणि मग जातो. हे त्या दुकानदाराने सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. चूक माझी आहे, असंही सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही. कार्ड काढून घेतलं, कॅमेऱ्यात घातलं, झाकण दोनदा दाबलं आणि मोपेड वळवली.

"भाऊ, जेवून जा. नाहीतर उद्या जा. म्हातारा काही पळून नाही चालला."

"त्या बाईच्या वेळेसही मले तसंच वाटलं होतं."

मी शटर ओढलं आणि मागे बसलो.

अंगणात धान वाळत घातलं होतं. बाबाजी खाटेवर, डोक्यावरचा पटका काढून ठेवलेला. घरचे लोक आम्हाला पाहून हसले, काही राहिलं असेल असं त्यांना वाटलं. भाऊ धानाच्या कडेला उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जी, मघाचा एकही निंगाला नाई. कॅमेऱ्यात रोलच नव्हता."

भाच्याला कळेना. "आम्ही सगळ्याइनं पाहिला ना पडद्यावर."

"दिसला. निंगाला नाई."

मला वाटलं, आता हा माणूस आम्हाला हाकलणार, आणि हाकललं तर बरं होईल. बाबाजींना ऐकू कमी यायचं. मुलाने त्यांच्या कानाशी वाकून सगळं ओरडून सांगितलं. ते भाऊंकडे वळले.

"माझ्या बहिणीच्या वेळेस असाच वापस आला असता त?" ते म्हणाले. "चार कोसावर त होतास. तवा ते जिती होती."

रोल संपत आला होता, पाठवणी बाकी होती, असं भाऊ म्हणू शकले असते. ते फक्त म्हणाले, "चुकलं जी." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला रडू आलं. ते मी धानाच्या धुळीवर ढकललं.

बाबाजींनी मुलाला खूण केली. "पटका बांधून दे मले."

भाऊंनी पुन्हा फोटो काढले. एकामागून एक सात काढले. मग झाकण उघडून कार्ड बाबाजींच्या डोळ्यांसमोर धरलं. बाबाजींनी विचारलं, "निंगाला?" भाऊंनी मान एकदा उजवीकडे झटकली.

तो फोटो मोठा करून त्यांनी स्वतः नेऊन दिला. बाबाजींना पसंत पडला. फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायला सांगितला, लागेल तेव्हा लावा म्हणाले. त्या घराची पुढची दोन्ही लग्नं भाऊंनीच काढली.

नंतर चार वर्षांनी भाऊ गेले. सकाळी स्टुडिओचं शटर अर्धं वर केलं आणि तिथेच खाली बसले. मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. भिंतीपलीकडून आवाज खूप येतो, पण मला हवा तो नाही. या माणसावर माझा जीव होता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "बरं" म्हणाले असते.

बाबाजी अजून आहेत. नव्वदीच्या पुढे गेलेत. जमीन त्यांच्याच नावावर असल्याने धानाच्या ऑनलाइन नोंदणीसाठी दरवर्षी त्यांचा चेहरा लागतो, आणि त्यांना दुकानात येणं जमत नाही, म्हणून मी मोबाईल घेऊन जातो. पहिल्याच वर्षी भाच्याने मला दारात अडवलं. "फोटूवाल्याचं बाबाले सांगितलं नाई. ते जेवण सोडतील."

मी मोबाईल वर केला की बाबाजी हात आडवा धरतात. "तू काऊन काढून राहिला? तो कुठी आहे?"

"दुकानात आहेत जी."

"बरा आहे ना?"

"बरे आहेत."

"मंग त्याले पाठव ना गा. माझा तो फोटू जुना झाला. आता मी वाळून गेलो, लावला त खोटा दिसंल."

मी पाठवतो म्हणतो. दर वर्षी म्हणतो. यंदा गेलो तेव्हा ते पटका बांधून खाटेवर ताठ बसले होते, आणि माझ्या मागे फाटकाकडे पाहत होते.