एक सूत खाली

हनीफ पेंटरवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. शिकवायच्या वेळात हा माणूस रस्त्यावर उभा असायचा.

काळेवाडीत ठकुबाईंच्या नावाने चित्रशाळा चालते. त्यांचे चिरंजीव अर्जुनराव यांनी रस्त्याकडेची खोली दिली आहे. मूर्ती घडवणारी दीक्षा रविवारी तिथे मातीकाम शिकवते. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी हनीफ अक्षरं शिकवतो. दिवसा तो चाकणला ट्रकचे फाळके आणि दुकानांच्या पाट्या रंगवतो. फ्लेक्स आले तरी ब्रश सोडला नाही, असं लोक त्याचं कौतुक करत. मी आकुर्डीच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो. कौतुकावरून काम कळत नाही.

अर्जुनरावांच्या पुतण्याला फ्लेक्सचं मशीन टाकायला तीच खोली हवी होती. अर्जुनराव मला म्हणाले, "तुमी म्हैनाभर तिथं बसा. कामचुकार असंल तर वर्ग बंद करू. तुमी म्हनाल ते फायनल."

म्हणजे हनीफचा वर्ग माझ्या शब्दावर होता. तसं मी त्याला सांगितलंही.

शिकायला आठ जण येत. दोन रिक्षावाले, बाकी शिवणकाम करणाऱ्या बाया. हनीफ प्रत्येकाकडून पन्नास उभे दांडे काढून घ्यायचा. ते मला पटलं. मग तो रस्ता ओलांडून अफताबच्या पंक्चरच्या दुकानाशी जायचा आणि हात मागे बांधून उभा राहायचा. परत येऊन एखादं अक्षर दुरुस्त करायचा, पुन्हा पलीकडे. मी घड्याळ लावलं. दीड तासात पंचवीस मिनिटं रस्त्यापलीकडे. विचारलं तर म्हणाला, "तिकडून बघतो, काका." बघणं हे काम कधीपासून झालं, असं मनात आलं. डायरीत वेळ लिहून ठेवली.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्याने शाळेची नवी पाटी सगळ्यांसमोर रंगवली. खडूच्या दोऱ्याने रेषा मारल्या, नऊ इंची अक्षरं काढली. ठकुबाई चित्रशाळा. तो हात धुवायला गेला तशी मी खिशातली स्टीलची पट्टी काढली. सगळे काने रेषेवर. ठ मात्र रेषेच्या एक सूत खाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडे तेवढ्यावरून तयार जॉब भंगारात जायचा. आणि हे तर ठकुबाईंच्या नावाचं पहिलंच अक्षर. माणूस सापडला, असं वाटलं.

मी सर्वांसमोर पट्टी लावून दाखवली.

"एकच सूत ना?" त्याने विचारलं.

"एकच."

"मग बरोबर आहे."

"मग रेषा कशाला मारली?"

त्याने रॉकेलचा बोळा माझ्या हातात दिला. रंग ओला होता. म्हणाला, "पुसा. तुमच्या हाताने रेषेवर आणा."

मी आणला. पट्टीने तपासला, चोख होता. मग त्याने मला रस्ता ओलांडायला लावला. आम्ही पोचतो तोच ट्यूब पाण्यात बुडवत असलेला अफताब मान वर करून म्हणाला, "हनीफभाई, ठ आखडला की."

दोघांचं ठरलेलं असणार. मी त्याच्याकडे लक्ष न देता स्वतः पाहिलं. ठ बारका दिसत होता, पाय पोटाशी घेतल्यासारखा. परत जाऊन मोजलं. चोख. पुन्हा पलीकडे आलो. बारका. अशा तीन खेपा झाल्या.

"गोल अक्षर रेषेला एका ठिपक्यावर टेकतं," हनीफ म्हणाला. "लांबून तो ठिपका दिसत नाही, काका. पाटी तर लांबूनच वाचतात."

"खाली घ्या," मी म्हणालो.

"किती?"

"एक सूत."

तो हसला नाही. ब्रश घेतला आणि एका फटकाऱ्यात ठ खाली आणला. मी मोजला. एक सूत.

अर्जुनरावांनी विचारलं, कामचुकार न्हाई ना? मी म्हणालो, रेषा चुकवतो, पण मोजून चुकवतो. वर्ग चालू ठेवा. पुतण्याने तळवड्याला गाळा बघितला.

मी अजून वर्गाला जातो. आधी पलीकडून बघतो, मग पट्टी काढतो. परवा एका गॅरेजच्या पाटीत हनीफचा ट दीड सूत खाली निघाला. मी तसं सांगितलं. तो रस्ता ओलांडून गेला, बराच वेळ उभा राहिला, आणि परत येऊन त्याने अर्धं सूत पुसलं.